गंडीपेटच्या पाण्यापासून भोनगीरच्या खडकापर्यंत

आपल्या सीमाभागातल्या माणसाला हैदराबाद काही नवे नाही. देगलूर, बिलोली, उदगीर, निलंगा या पट्ट्यात असे घर सापडणे कठीण, की ज्या घरातले कोणीच कधी हैदराबादला गेलेले नाही. पण आपण जातो ते कशासाठी? दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी, मुलांच्या ॲडमिशनसाठी, नाहीतर विमान पकडण्यासाठी. काम आटोपले की चारमिनारला एक फेरी, बांगड्यांचे दोन डबे, बिर्याणी, आणि रात्रीच्या गाडीने परत. केवळ बघायला म्हणून हैदराबादला गेलेला माणूस आपल्याकडे विरळाच. सहल म्हटली की आपल्याला महाबळेश्वर आठवते. आता तर थेट परदेशच.

परदेशावरून आठवले. माझी भाची ग्लासगोला असते. तिकडे म्हणे एका दिवसाच्या खासगी सहलीची पद्धत चांगली रुळली आहे. घरच्या चार माणसांपुरती गाडी आणि माहीतगार ड्रायव्हर ठरवायचा, सकाळी निघायचे, वाटेत एखादे मोठे तळे, एखादा किल्ला, दगडी घरांचे एखादे खेडे बघायचे आणि रात्रीपर्यंत घरी. तिने लॉख लोमंड, स्टर्लिंगचा किल्ला आणि तळ्याकाठचे लस नावाचे टुमदार गाव असे फोटो मोबाईलवर पाठवले. लॉख म्हणजे तिकडच्या भाषेत तळे. आईने मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन एकेक फोटो बघितला आणि म्हणाली, "तळं, किल्ला आणि खेडं. हे तर आमच्या हैदराबादेतही आहे की!"

आमच्या हैदराबादेत! आई देगलूरला नांदायला आली त्याला साठ वर्षे होत आली, पण हैदराबाद अजून 'आमचे'. तिचा जन्म १९४५ चा, काचीगुड्याचा. वडील निजाम सरकारच्या हिशेब खात्यात कारकून. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा हा त्या काळी मराठी वस्तीचा भाग. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक अशा मंडळींच्या पुढाकाराने १९०७ मध्ये निघालेल्या विवेकवर्धिनीत आई शिकत होती. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यरचना झाली, हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आजोबांची बदली नांदेडला झाली. आई तेव्हा अकरा वर्षांची. पुढे ती हैदराबादला कितीतरी वेळा गेली, पण आपण सारे जातो तशीच, लग्नामुंजीला आणि दवाखान्याला. शाळेच्या सहलीत पाहिलेले गंडीपेट मात्र तिने पुन्हा पाहिले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही गेलो तेही दवाखान्यासाठीच. आईला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितले, की गेलेली नजर परत येत नाही. राहिली आहे ती टिकवायची, आणि त्यासाठी थेंब रोज ठरल्या वेळेला घालायचे, एक दिवसही चुकवायचे नाही. या दुखण्यात सहसा कडेची नजर आधी जाते. समोरचे दिसत राहते, म्हणून माणसाच्या लवकर लक्षातच येत नाही. (चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा. घरात कोणाला हे दुखणे असेल तर नक्कीच घ्यावा.) दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आई माझा हात धरून म्हणाली, "मग दिसतंय तोवर गंडीपेट बघून घेऊ." दुसरा दिवस मोकळाच होता.

गाडी ठरवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शहरातल्या भाड्याच्या गाडीचा नेहमीचा ठराव 'आठ तास, ऐंशी किलोमीटर' असा असतो. आमचा बेत होता बारा तासांचा आणि दोनशे किलोमीटरच्या आसपासचा. म्हणून जादा तासाचा आणि जादा किलोमीटरचा दर आदल्या रात्रीच बोलून घेतला. ड्रायव्हर जुन्या शहरातला, चाळिशीचा, कमी बोलणारा. पण आईने गाडीत बसता बसता "बेटा, पहले गंडीपेट, बाद में बाकी सब," अशी सुरुवात केली आणि त्याचा चेहराच खुलला. "हौ अम्मा. जल्दी नक्को करो, आराम से बैठो." नक्को! आपलाच 'नको' तिकडे जाऊन थोडा ठासून बोलतो, एवढेच. दखनी बोलीत असे आपले कितीतरी शब्द सुखाने नांदताहेत. आई ती बोली इतकी सहज बोलत होती, की देगलूरच्या घरात तिला कधी न ऐकलेला हा आवाज माझ्याही ओळखीचा नव्हता.

बेत असा होता. सकाळी शहराच्या पश्चिमेला गंडीपेट, मग गोवळकोंडा आणि कुतुबशाही मकबरे, तिथून बाह्य वळण रस्त्याने शहराला वळसा घालून पूर्वेला पोचमपल्ली आणि भोनगीर, संध्याकाळी हुसेनसागर.

गंडीपेटचे सरकारी नाव उस्मानसागर. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा पाण्यावर धुके होते आणि फिरायला आलेली दहा-वीस माणसे. तळ्याकाठच्या बागेतून आईला हळूहळू पाण्याच्या जवळ नेले. ती बराच वेळ उभी राहिली. तिला समोरचे पाणी दिसत होते, बाजूचे पाहायला पूर्ण मान वळवावी लागत होती. मग तिने विचारले, "पलीकडचा काठ दिसतो का गं तुला?"

दिसत होता. काठाच्या मागे उंच उंच इमारतींची रांगही दिसत होती. मी तसे सांगितले.

"आमच्या वेळी काठ नव्हताच. नुसतं पाणी."

हैदराबादेत एक जुने बोलणे आहे, की गंडीपेटचे पाणी जो प्याला तो हे शहर सोडून जात नाही. ड्रायव्हरने ते ऐकवताच आई म्हणाली, "हम तो पिये थे बेटा. जाना पड़ा." त्यावर तो बिचारा काय बोलणार?

या पाण्याची कथा सांगण्यासारखी आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला असा पूर आला, की हजारो माणसे वाहून गेली. उस्मानिया दवाखान्याच्या आवारातले एक चिंचेचे झाड अजून दाखवतात. त्यावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली असे सांगतात. तेव्हाचे निजाम महबूब अली खान यांनी विश्वेश्वरय्यांना बोलावून घेतले. आपल्याला विश्वेश्वरय्या म्हटले की म्हैसूर आठवते, पण त्यांची उमेदीची नोकरी आपल्याच मुंबई इलाख्यात झाली. खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे त्यांचेच. त्यांनी सांगितले, की शहराच्या वर दोन मोठे बंधारे बांधून पूर तिथेच अडवा. त्याप्रमाणे मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये पुरा झाला आणि तिची उपनदी ईसी हिच्यावर हिमायतसागर १९२७ मध्ये. पूर अडवायला बांधलेले तळे पुढे शहराची तहान भागवू लागले. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हेच.

भाचीच्या लॉख लोमंडमध्ये आणि आमच्या गंडीपेटमध्ये फरक पडतो तो इथे. तिकडची तळी हिमनद्यांनी कोरली. हजारो वर्षांपूर्वी बर्फ सरकत गेला, मागे खोल दऱ्या राहिल्या, त्यांत पाणी साठले. माणसाने फक्त काठाला घर बांधले. आपल्या दख्खनच्या पठारावर लोणारसारखा अपवाद सोडला तर मोठे तळे निसर्गाने आयते दिलेले नाही. इथले प्रत्येक पाणी कोणीतरी अडवले आहे, माती वाहून, दगड रचून. आणि जे माणसाने अडवले ते माणूस मोडूही शकतो, हे या सहलीत दिवसभर डोळ्यांसमोर येत राहिले.

गंडीपेटचेच पाहा. १९९६ मध्ये आंध्र सरकारने १११ क्रमांकाचा आदेश काढला. उस्मानसागर आणि हिमायतसागर यांच्या भोवती दहा किलोमीटरच्या परिसरात, ८४ गावांत, कारखाने आणि मोठ्या वसाहती नकोत असा तो आदेश होता. शहर फुगत गेले तशी ही ८४ गावांची जमीन सोन्याच्या भावाची झाली. २०२२ मध्ये तेव्हाच्या तेलंगणा सरकारने ते निर्बंध उठविण्याचा आदेश काढला आणि त्यावर मोठे वादंग झाले. तिथल्या शेतकऱ्याची बाजूही खोटी नाही. शेजारच्या गावाची जमीन कोटीत जाते आणि आपली पडून राहते, हे त्याने किती वर्षे बघायचे? पण पाणी जमिनीवरून वाहतच तळ्यात येते. ती जमीन सिमेंटखाली गेली की तळे कुठून भरणार?

आणि पुराचे काम संपलेले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जोराच्या पावसानंतर दोन्ही तळ्यांचे दरवाजे उघडावे लागले आणि मुसीचे पाणी महात्मा गांधी बसस्थानकात शिरले. आपल्या भागातली एस.टी. ज्यांनी तिथे पकडली आहे, त्यांना ते स्थानक नदीच्या किती अंगाशी आहे हे सांगायला नको.

आता शहराला पिण्याचे बहुतेक पाणी कृष्णा, गोदावरी आणि मांजरेवरून येते. मांजरा! बीड जिल्ह्यात उगम पावून लातूर-निलंग्याकडून बिदरला जाणारी आपलीच नदी. तिचे सिंगूरला अडवलेले पाणी हैदराबाद वर्षानुवर्षे पीत आले आहे, आणि त्याच मांजरेकाठच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. असो.

निघताना आईने बसची गोष्ट काढली. शाळेची सहल निजामाच्या काळापासूनच्या 'अल्बियन' बसमधून आली होती म्हणे. निजाम सरकारने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांवर स्वतःची बससेवा सुरू केली, आणि त्यांतली एक जुनी अल्बियन हैदराबादच्या एस.टी. महामंडळाने जपून ठेवली आहे. आता गंमत पाहा, हा अल्बियन कारखाना कुठला? ग्लासगोचा! म्हणजे भाचीच्या गावची गाडी तिच्या आजीला सत्तर वर्षांपूर्वी तळे दाखवायला घेऊन आली होती. हे मी तिथूनच भाचीला कळवले. तिचे उत्तर आले, 'आजीला सांग, इकडच्या बस अजून वेळेवर येतात.'

गोवळकोंड्याबद्दल आपल्या वाचकांना फार सांगायला नको. काकतीयांच्या काळातली मातीची गढी, मग बहामनी, आणि १५१८ पासून कुतुबशाही. हिरे इथल्या खाणीत सापडत असा अनेकांचा समज आहे, तो खरा नाही. खाणी दूर कृष्णेच्या खोऱ्यात, कोल्लूरसारख्या गावी होत्या. गोवळकोंडा ही त्यांची पेठ. शिवाजी महाराज १६७७ मध्ये भागानगरला आले, अबुल हसन कुतुबशहाशी तह केला आणि तिथून दक्षिणेच्या मोहिमेवर गेले. हा अबुल हसन म्हणजेच तानाशहा. त्याचे कारभारी मादण्णा आणि आकण्णा. त्यांचा भाचा कंचर्ला गोपन्ना याने सरकारी वसुलीतून भद्राचलचे राममंदिर बांधले, म्हणून त्याला किल्ल्यात कैद झाली. ती अंधारकोठडी आजही दाखवतात. पुढे साक्षात राम-लक्ष्मणाने येऊन तानाशहाला पैसे मोजून दिले अशी कथा आहे. ऐकताना आपले मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवल्याशिवाय राहत नाहीत. बिदरच्या बादशहाकडे रसद भरायला विठोबा गेला, इथे राम गेला. मुलूख शेजारचा, देवांच्या रीतीही शेजारच्या!

दारातल्या घुमटाखाली वाजवलेली टाळी वर बालाहिसारपर्यंत ऐकू जाते, हे गोवळकोंड्याचे नावाजलेले आश्चर्य. आईला साडेतीनशेहून जास्त पायऱ्या चढवणे शक्य नव्हते. ती म्हणाली, "तू जा वर. मी इथून टाळी वाजवते." मी म्हटले, आई, इथे शंभर माणसं टाळ्या वाजवताहेत, तुझी कुठली ते मला कसं कळणार? तिने उत्तर दिले नाही, नुसती जा अशी खूण केली. ड्रायव्हर तिच्याजवळ थांबला.

चढताना भिंतीत बसवलेले मातीचे नळ दिसतात, तिकडे लक्ष ठेवून गेले. पुष्कळ लोक ते न बघताच वर जातात. माझ्या मते किल्ल्यातली सर्वांत मोठी करामत टाळीची नाही, ती पाण्याची आहे. काही मैलांवरच्या दुर्गम चेरुवू या तळ्यातून मातीच्या नळांनी पाणी किल्ल्यात येई आणि रहाटांनी एका टाकीतून वरच्या टाकीत असे टप्प्याटप्प्याने उपसून डोंगराच्या माथ्यापर्यंत नेले जाई. ते तळे आज माधापूरच्या संगणक कंपन्यांच्या मधोमध आहे. त्यावर २०२० मध्ये झुलता पूल झाला, रात्री रंगीत दिवे लागतात, तरुण मंडळी फोटो काढायला गर्दी करतात. किल्ल्याची तहान भागवणारे पाणी हेच, याचा पत्ता त्यांच्यातल्या किती जणांना असेल कोण जाणे.

वर पोचले. शाळेच्या सहली आल्या होत्या, खालून टाळ्यांचा नुसता पाऊस. कान देऊन उभी राहिले. थोड्या वेळाने त्या गोंगाटात एक वेगळी टाळी आली. दोन सावकाश, तीन जलद, पुन्हा दोन सावकाश. दर गुरुवारी आमच्या घरी भजनाला बसल्यावर आई धरते तो ठेका.

१६८७ मध्ये औरंगजेबाने आठ महिने वेढा घातला तरी हा किल्ला पडला नाही. शेवटी आतल्याच माणसाने दार उघडले. तानाशहाला कैद करून पाठवले ते आपल्याकडे, दौलताबादेत. उरलेले आयुष्य त्याने तिथल्या चिनीमहालात काढले आणि त्याची कबर खुलताबादेत आहे. म्हणूनच किल्ल्याजवळच्या कुतुबशाही मकबऱ्यांत त्याच्या घराण्यातल्या सुलतानांचे घुमट आहेत, पण तो नाही. देवगिरीला जाणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवून चिनीमहाल बघावा. मकबऱ्यांच्या आवारातली बडी बावडी चुकवू नका. २०१३ च्या पावसात तिचा एक भाग ढासळला होता. आगाखान ट्रस्टने ती दगड न् दगड पुन्हा बांधली, त्या कामाला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, आणि मुख्य म्हणजे तिच्यात पुन्हा पाणी साठू लागले. आई काठावर बसून म्हणाली, "विहीर दिसत नाही नीट, पण गारवा लागतोय." मकबरे शुक्रवारी बंद असतात, बेत करताना तेवढे पाहावे.

बाह्य वळण रस्ता १५८ किलोमीटरचा, गुळगुळीत. त्यावर सांगण्यासारखे काही नाही. आई झोपली.

पोचमपल्ली हे नाव आपल्या बायकांना साडीमुळे पाठ आहे, पण गावाचे पूर्ण नाव आहे भूदान पोचमपल्ली, आणि ते मिळाले एका मराठी माणसामुळे. कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा भावे १९५१ च्या मार्चमध्ये वर्ध्याहून पायी निघाले, हैदराबादजवळ शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला आले आणि तिथून तेलंगणाच्या खेड्यांत शिरले. जमीनदार आणि कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा यांच्या मधे हा मुलूख तेव्हा पेटलेला होता. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीच्या भूमिहीनांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. सरकारकडे मागून बघतो, असे विनोबांच्या मनात होते. पण त्यांनी आधी गावालाच विचारले, आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी हे गृहस्थ उठून म्हणाले, मी १०० एकर देतो. भूदान चळवळ त्या क्षणाला सुरू झाली. पुढे देशभर दान मिळालेली बरीच जमीन कागदावरच राहिली किंवा खडकाळ निघाली, हेही खरे. तरी कोणाच्या मनात नसताना एक माणूस उठून उभा राहतो, याचे मोल कमी होत नाही. गावात विनोबांचे स्मारक आहे. आईने तिथे चप्पल काढून नमस्कार केला. दत्तजयंतीला करते तसाच.

विणकराच्या घरी आम्ही तासभर होतो. साडी विणून झाल्यावर रंगवतात असे अनेकांना वाटते. इथे सगळे उलटे. आधी सूत मोजून, ठरलेल्या जागी दोरीने घट्ट बांधून रंगात बुडवायचे. बांधलेला भाग कोरा राहतो. मग सोडायचे, पुन्हा दुसरीकडे बांधायचे, दुसऱ्या रंगात बुडवायचे. नक्षी धाग्यातच तयार होते, मागावर ती फक्त जुळून येते. पण धागा जुळताना केसभर इकडेतिकडे होतो, म्हणून पोचमपल्लीच्या नक्षीची कड कधी रेखीव नसते, किंचित पुसट असते. तीच तिची ओळख. २००५ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्कृष्ट पर्यटन गावांच्या यादीत पोचमपल्लीचे नाव घातले.

विणण्यापूर्वी सूत अर्धगोल चौकटीवरच्या खुंट्यांभोवती गुंडाळावे लागते. त्याला आसू म्हणतात. हे काम घरातल्या बाईचे. एका साडीसाठी हात हजारो वेळा पुढे-मागे करायचा. याच भागातल्या चिंतकिंदी मल्लेशम यांनी आईचे खांदे दुखताना पाहिले आणि शाळा अर्धवट सुटलेली असताना, वर्षानुवर्षे खटपट करून, १९९९ मध्ये आसूचे यंत्र बनवले. त्याला आईचे नाव दिले, लक्ष्मी. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विणकराच्या बायकोने तिचे यंत्र सुरू करून दाखवले आणि मग जुनी चौकटही दाखवली, भिंतीला टेकून ठेवलेली. "आता मुलगा हे करत नाही," ती तेलुगू-हिंदीत म्हणाली, "हैदराबादला कामाला जातो." यंत्र आले तरी हा प्रश्न सुटलेला नाही.

आईने एक लाल-काळी साडी मांडीवर घेतली. बोटाने नक्षीच्या कडेवरून जात राहिली. "ही कड सगळ्यांनाच अशी दिसते का गं? का मलाच?"

"सगळ्यांनाच, आई."

"बरं." तिने ती साडी बाजूला काढायला सांगितली. आम्ही भाव करायला बसलो, तर मलाच दटावले, "इथं भाव करायचा नसतो."

पोचमपल्लीहून भोनगीर तासाभराच्या आत. नव्या कागदोपत्री भुवनगिरी. दुरूनच तो खडक दिसतो आणि आपण थक्क होतो. एकच अखंड शिळा, पाचशे फुटांच्या घरात उंच, जमिनीतून वर आलेल्या अंड्यासारखी. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सहावा विक्रमादित्य, त्रिभुवनमल्ल, त्याच्या नावाने हा किल्ला. कल्याणी म्हणजे आपले शेजारचे बसवकल्याण. उदगीर-निलंग्याच्या माणसाने तरी हा किल्ला परका समजू नये.

इथेही मी एकटीच चढले. पायऱ्या जुन्या, खडकातच कोरलेल्या. काही ठिकाणी कठडा नाही. चढताना मालावत पूर्णाची आठवण झाली. निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची, शेतमजुराची ही पोर. खडक चढायचे पहिले धडे तिने या भोनगीरला गिरवले आणि २५ मे २०१४ रोजी, वयाच्या तेराव्या वर्षी, ती एव्हरेस्टवर उभी होती. मला अर्ध्या वाटेतच दम लागला.

माथ्यावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. आणि खाली पाहिले की या मुलखाचे खरे रूप कळते. उतरत्या उन्हात चकाकणारी तळीच तळी. काकतीयांपासून या भागात साखळी तळ्यांची रीत आहे. वरचे तळे भरले की त्याचे जादा पाणी चरातून खालच्या तळ्यात, त्याचे आणखी खालच्यात. एक मोडले की खालच्या साऱ्यांचे हाल. तेलंगणा सरकारने २०१५ पासून राज्यातल्या सुमारे ४६ हजार तळ्यांचा गाळ काढण्याची योजना हाती घेतली होती. खेड्यांत त्याचा उपयोग दिसतो. हैदराबाद शहरात मात्र काठाकाठाने भराव पडत जुनी तळी आकसली. २०२४ मध्ये ती अतिक्रमणे पाडायला 'हायड्रा' नावाची यंत्रणा उभी राहिली, तेव्हा श्रीमंतांचे हॉलही पडले आणि कर्ज काढून घर घेतलेल्या साध्या माणसांचीही घरे पडली. तळ्याच्या पोटात घर आहे हे त्यांना विकणाऱ्याने सांगितले नव्हते.

खाली आले तर आई चहाच्या टपरीवर ड्रायव्हरशी त्याच्या मुलीच्या लग्नाविषयी बोलत होती.

परतीला अंधार पडला. आईच्या आग्रहाने हुसेनसागरच्या टँक बंडवरून गाडी घेतली. इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेले हे तळे. मधोमध दिव्यांत उजळलेली बुद्धाची अखंड शिळेची मूर्ती. आई गेली तेव्हा ती नव्हती. तिचा दगड भोनगीरजवळच्या रायगीरचाच. १९९० मध्ये पाण्यातून नेताना तराफा उलटला, कामावरची माणसे दगावली आणि मूर्ती तळाशी गेली. दोन वर्षे ती पाण्याखाली होती. १९९२ च्या डिसेंबरात वर काढून उभी केली.

ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, कारण थेंबांची वेळ झाली होती. आतला दिवा लावला. आईने मान मागे टेकवली, मी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला. पाच मिनिटे डोळे मिटून बसायचे असते. ड्रायव्हरने आपण होऊन रेडिओ बंद केला. मग आईने डोळे न उघडताच विचारले, "बेटा, पानी में लाइट गिर रहा क्या?"

"हौ अम्मा," तो म्हणाला, "पूरा गिर रहा."